अण्णांचा पांढरा रुमाल

"हाही पिवळाच," अण्णा म्हणाले.

सहावा लॅपटॉप होता तो. पुण्यातलं दुकान, सकाळचे साडेअकरा, आणि काउंटरवर सहाच्या सहा लॅपटॉप ओळीनं मांडलेले. सगळ्यांच्या पडद्यावर, अण्णांच्याच सांगण्यावरून, कोरं पांढरं पान उघडून ठेवलेलं. अण्णा म्हणजे माझे सासरे, फलटणच्या चंद्रप्रभा फोटो स्टुडिओचे मालक. हात पाठीमागे बांधून ते मुलगी बघायला आल्यासारखे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते आणि एकेकाला नापास करत होते.

दुकानातले टेंबे पन्नाशीचे, टाय लावलेले आणि भलतेच सोशिक. ते म्हणाले, "साहेब, पांढरा आहे हो. कंपनीचा पांढरा."

"कंपनीचा असेल. माझा नाही."

"बरं, मग हा बघा. याची रॅम जास्त आहे."

"रॅमवर फोटो दिसतो का?"

मी तोंड फिरवून हसू दाबलं. आदल्याच दिवशी अण्णांनी मला हळूच विचारलं होतं, "ती रॅम म्हणजे काय गं? कमी पडली तर वरून घालता येते का?" येते म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं होतं. "मग ती मिठासारखी आहे. तिचं एवढं काय कौतुक?"

पण खरं सांगते, त्या दिवशी मला हसू परवडणारं नव्हतं.

माझं माहेर मिरजेचं. फोटोग्राफीचा कोर्स मी कोल्हापुरात केला आणि दोन हजार पाच साली रणवऱ्यांच्या घरी सून म्हणून आले. मिस्टर साखर कारखान्यात केमिस्ट. त्यांना कॅमेऱ्याचं बटण कुठलं तेही माहीत नाही. त्यामुळे लग्न मुलाशी झालं, पण संसार सासऱ्यांशी, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. त्यांना मी आत्या म्हणते. लग्नकार्यात फोटो मी काढायची, कॉम्प्युटरवर मी चढवायची. रंग मात्र अण्णा बघायचे. तिथं दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. जुन्या मोठ्या मॉनिटरसमोर बसून, नाक पडद्याला टेकवून ते लाल, हिरवा, निळा कमी-जास्त करायचे, मग सीडी पुण्याच्या लॅबला जायची आणि फोटो छापून यायचे.

अण्णांच्या रंगाचं नाव होतं, यात शंका नाही. काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या काळात ते हातानं रंग भरायचे. नुसता फोटो बघून नवरीचा शालू कुठल्या रंगाचा होता ते ओळखायचे, असं गावातले म्हातारे अजून सांगतात.

आणि मी आल्यापासून चंद्रप्रभाचे फोटो निळे यायला लागले.

पहिल्यांदा थोडेसे. मग दर वर्षी जास्त. मी म्हणायची, "अण्णा, निळा जास्त होतोय." ते म्हणायचे, "तुझ्या पिढीला रंग कळत नाही. पिवळटपणा जायला निळा लागतोच." चाळीस वर्षं रंगात घालवलेल्या माणसाला काय सांगणार? गिऱ्हाइकांनी कुरकुर केली की अण्णा लॅबला शिव्या घालायचे. दोन लॅब बदलून झाल्या. गावानं मात्र आपला हिशोब कधीच लावला होता. म्हाताऱ्याच्या हातात होतं तोवर काय फोटो यायचे, सून आली आणि घात झाला. भाजी घेताना मी हे स्वतःच्या कानांनी ऐकलं. बोलणारीनं मला बघून कोथिंबिरीची जुडी उगाच दोनदा निवडली.

मग भोईटेगुरुजींचं प्रकरण झालं. त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचा अल्बम त्यांनी परत आणून काउंटरवर ठेवला. गुरुजी मऊ बोलणारे. "अण्णा, राग मानू नका. पण पोरगी बोहल्यावर उभी आहे की विहिरीतून काढलीय तेच कळत नाही. धाकटीचं लग्न वैशाखात आहे. आता तुम्हीच सांगा काय करू."

ते गेल्यावर अण्णा बराच वेळ अल्बम चाळत बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मशीन जुनं झालंय. नवा लॅपटॉप घेऊ, नवा स्कॅनर घेऊ. पण सूनबाई, एक सांगून ठेवतो. नव्या मशीनवरही फोटो निळे आले तर मग दोष कॅमेऱ्यामागच्या माणसाचा. मग तू कॅमेरा खाली ठेवायचा. मी बाहेरून माणूस लावीन."

ते मला एरवी वृषा म्हणायचे. सूनबाई म्हणाले की समजायचं, आता यात बदल नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मला दुसरं काही येत नव्हतं हो, आणि दुसरं काही यावं असं वाटतही नव्हतं.

म्हणून ती पुण्याची वारी. आणि इथं हा माणूस सहा लॅपटॉप नापास करून सातव्याची वाट बघत उभा!

"आपण आधी स्कॅनर बघू या का?" मी म्हटलं.

स्कॅनरचं आमचं काम जरा वेगळं होतं. अण्णांच्या चाळीस वर्षांच्या निगेटिव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत भरून ठेवलेल्या. त्या स्कॅन करायच्या तर झाकणातही दिवा असलेला स्कॅनर लागतो, कारण निगेटिव्हमधून उजेड आरपार जावा लागतो. टेंब्यांनी तसे दोन काढले. अण्णांनी दोन्ही झाकणं उघडमीट करून बघितली, बिजागऱ्या हलवून बघितल्या, काचेवर नख वाजवलं.

"आतला दिवा पांढरा आहे ना?"

"हो साहेब."

"बघू." अण्णा वाकले. "पिवळट आहे."

टेंब्यांनी माझ्याकडे बघितलं. मी स्कॅनरकडे बघितलं. मला तर स्वच्छ पांढरा दिसत होता, पण माझ्या पिढीला रंग कळत नाही.

"असं ओळखू येणार नाही," अण्णा म्हणाले, आणि खिशातून त्यांनी रुमाल काढला. इस्त्रीची घडी घातलेला. "हा पांढरा. मी घरून मुद्दाम आणलाय. हा स्कॅन करा आणि सगळ्या लॅपटॉपवर लावा. ज्याच्यावर हा असाच्या असा दिसेल, तो आपला."

त्या रुमालाचीही एक कथा होती. गेली दोन-तीन वर्षं अण्णांना घरातली प्रत्येक वस्तू पिवळी पडल्याचा संशय. भिंतीचा चुना पिवळा, म्हशीचं दूध पिवळं, जुने फोटो पिवळे, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्यांचे पांढरे सदरे पिवळे. आत्यांच्या मागे रोज टुमणं. "नीळ घाल. अजून घाल. हात आखडू नकोस." आत्या बिचाऱ्या बादलीत नीळ ओतत राहायच्या. त्यांच्या नखांचा रंग धुऊन जाईना. अण्णा त्या सदऱ्यांत रुबाबात गावभर हिंडायचे आणि गावातली माणसं सभ्य असल्यामुळे कुणी काही बोलायचं नाही. निघायच्या दोन दिवस आधी हा रुमाल रात्रभर निळीत बुडवून ठेवायला लावला होता. आत्या म्हणाल्या, "अहो, रुमाल आहे की कृष्णाचं पितांबर?" "पितांबर पिवळं असतं," अण्णा म्हणाले. "इथं तेच तर नकोय."

टेंब्यांनी रुमाल काचेवर पसरला, झाकण लावलं. दिव्याची पट्टी सरकत गेली. मग त्यांनी ते चित्र एका पेनड्राइव्हवर घेऊन एकेका लॅपटॉपवर उघडलं. एक, दोन, तीन, सहा.

अण्णांचा चेहरा उजळला. मी त्यांना इतकं खूश बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

"हां! याला म्हणतात पांढरा! बघितलंस, सूनबाई? मघाशी सगळे पिवळे मारत होते. आता कसे सुतासारखे सरळ आले!"

"छान आलाय, साहेब," टेंबे भाबडेपणानं म्हणाले. "आकाशी रंग फार छान उतरलाय."

"आकाशी?"

"रुमाल हो. आकाशीच आहे ना?"

"डोळे तपासून घ्या," अण्णा कडाडले. "फोटोचं सामान विकता आणि पांढरा-आकाशी कळत नाही?"

मी पडद्याकडे बघितलं. सहा पडद्यांवर सहा आकाशी रुमाल. काउंटरवर सातवा, खराखुरा, तोही आकाशी. आणि त्याच्यासमोर माझे सासरे, आकाशी सदरा घालून, पांढरा पांढरा म्हणून ओरडत होते.

भिंत, दूध, सदरे, लॅब, मॉनिटर, भोईट्यांची मुलगी. तीन वर्षांचं सगळं एका क्षणात माझ्यासमोर उभं राहिलं. दोष मशीनचा नव्हता आणि माझाही नव्हता. एका वाक्यात मी सुटले असते. अण्णा, तुमच्या डोळ्यांना पिवळं दिसतंय. बस. कॅमेरा माझा, गावाची तोंडं बंद.

टेंबे तोवर प्रिंटरमधला कोरा कागद घेऊन आले होते. रुमालाशेजारी ठेवून ते सिद्ध करणार होते. दुकानात आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ती आमच्याकडे बघायला लागली होती. अण्णा छाती काढून उभे होते.

मी टेंब्यांच्या हातातला कागद घेतला आणि पर्समध्ये घातला.

"माझीच चूक," मी म्हटलं. "धुताना नीळ जरा जास्त पडली. अण्णा, तुम्ही बसा, पाणी घ्या. इकडचं मी बघते."

अण्णांनी माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. पण ते जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

टेंबे आवाज उतरवून म्हणाले, "ताई, माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. मोतीबिंदू. हळूहळू पिकतो, माणसाला कळतही नाही. लॅपटॉप कुठलाही न्या, पण आधी डोळे दाखवा."

"पण ते चष्म्याशिवाय पेपर वाचतात हो! दोन वर्षांपूर्वी चष्मा सोडला. सुईत दोरा ओवून दाखवतात सगळ्यांना."

"माझे वडीलही ओवायचे," टेंबे म्हणाले.

लॅपटॉप मीच निवडला. मान इकडेतिकडे केली तरी ज्याचे रंग बदलत नव्हते आणि ज्याच्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडत नव्हतं, तो. स्कॅनर घट्ट बिजागरीवाला. अण्णांनी एका शब्दानं विरोध केला नाही, आणि तेव्हाच मला भीती वाटायला लागली. या माणसानं माझ्या बाळंतपणात दवाखान्याच्या भिंतीचा रंग सुद्धा चुकीचा ठरवला होता.

परतीच्या एसटीत लॅपटॉप माझ्या मांडीवर, स्कॅनरचं खोकं अण्णांच्या पायाशी. हडपसर गेलं, दिवेघाट चढून झाला, सासवड आलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. जेजुरीच्या अलीकडे ते म्हणाले, "वृषा."

"काय, अण्णा?"

"आकाशी होता?"

"थोडासा."

"थोडासा म्हणजे किती?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण तो रंगाचा माणूस होता, आणि रंगाबद्दल विचारत होता.

"भोईट्यांच्या मुलीइतका," मी म्हटलं.

खिशातून रुमाल काढून त्यांनी गुडघ्यावर पसरला. खिडकीतल्या उन्हात धरून बघितला, उलटा करून बघितला. मी पर्समधला तो कोरा कागद काढून शेजारी ठेवला. त्यांनी तो उचलून रुमालाला लावून बघितला.

"मला हा कागद जुन्या वर्तमानपत्रासारखा दिसतोय," ते शेवटी म्हणाले.

"मोतीबिंदू असेल, अण्णा. ऑपरेशन होतं. अर्ध्या तासाचं काम असतं म्हणे."

"तुझा लग्नातला फोटो? माजघरात लावलाय तो?"

"तोही निळाच आहे."

"तीन वर्षं भिंतीवर आहे. तू बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हाला मी आवडले नसेन."

हे माझ्या तोंडून कसं निघून गेलं कुणास ठाऊक. मला हसत सांगायचं होतं, पण आवाज फाटला. अण्णांनी मान झटकन वळवली. त्यांचे डोळे भरले होते. मग ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "येडी का काय तू? त्या फोटोवर मी आठ दिवस बसलो होतो. सगळ्यात जास्त मेहनत घेतली."

"म्हणूनच सगळ्यात निळा झालाय," मी म्हटलं.

आणि आम्ही दोघं हसायला लागलो. डोळे पुसायला त्यांनी तोच रुमाल घेतला, मग मलाही दिला. कंडक्टर मागून म्हणाला, "आजोबा, तिकिटं झाली का?" अण्णा म्हणाले, "झाली, झाली. डोळ्यांचं बघतोय."

गावाजवळ आल्यावर त्यांनी रुमालाची घडी घालून माझ्या हातात ठेवली. "हा धुवायला टाकू नकोस."

महिनाभरात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चष्मा सुटला तेव्हाच ओळखायला हवं होतं. मोतीबिंदूचा तो एक प्रकार असतो, जवळचं सुधारतं आणि रंग बिघडतो. पट्टी निघाली त्या सकाळी अण्णा अंगणात आले, दोरीवर वाळत घातलेले आपले सदरे बघितले आणि तिथूनच ओरडले, "अगं ए! माझे कपडे कुणी रंगवले?"

आत्या पोळपाट सोडून बाहेर आल्या. तीन वर्षांचं साठलेलं त्यांनी जे काही बाहेर काढलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मग अण्णा माजघरात गेले. माझ्या फोटोसमोर उभे राहिले. आधी ऑपरेशनचा डोळा झाकून, मग दुसरा झाकून. पुन्हा एकदा. शेवटी त्यांनी फोटो खिळ्यावरून काढला आणि म्हणाले, "याची निगेटिव्ह कुठल्या डब्यात आहे ते मला माहीत आहे. तू बस लॅपटॉपसमोर. मी मागे उभा राहतो. मी एक शब्द बोलणार नाही."

बोललेच. चार वेळा. पण रंग मी बघितला.

भोईट्यांचा अल्बम नव्यानं छापून अण्णा स्वतः गुरुजींच्या घरी घेऊन गेले. मी घरीच थांबले. तिथं काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. गुरुजी मात्र दुसऱ्या दिवशी आले आणि धाकटीच्या लग्नाचे फोटो काढायचे म्हणून तारखेची चिठ्ठी माझ्याच हातात देऊन गेले.

त्यानंतर चार दिवसांनी मी सकाळी स्टुडिओवर पोचले तर दारासमोर ही गर्दी. मला बघून माणसं बाजूला झाली. रस्त्यावरच्या शोकेसमध्ये अण्णांनी माझ्या लग्नातले दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते. डावीकडे जुना, निळा. उजवीकडे नवा. आणि खाली पुठ्ठ्यावर, ब्रशनं, त्यांच्या त्या जुन्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

"डावीकडचा रंग मालकांनी पाहिला. उजवीकडचा रंग सूनबाईंनी पाहिला. दोष मालकांच्या डोळ्यांचा होता. यापुढे रंग सूनबाई पाहतील."

मी आत धावत गेले. "अण्णा, काढा ते! सगळं गाव बघतंय."

ते काउंटरमागे पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात बसून निगेटिव्हचे डबे पुसत होते. "बघू दे की. गावानं तुला नावं ठेवली ती भर बाजारात. माफी काय घरात मागू?"

तो पुठ्ठा वर्षभर तिथं होता. ऊन लागून त्याचा कागद खराच पिवळा पडला, तेव्हाच त्यांनी तो काढू दिला.

अण्णा जाऊन आता सहा वर्षं झाली. तो लॅपटॉप केव्हाच मोडीत गेला, त्यानंतर दोन झाले. स्कॅनर मात्र अजून चालतो, बिजागरी घट्ट आहे. त्याच्या झाकणाखाली मी तो रुमाल ठेवलाय, न धुतलेला. रोज सकाळी कामाला बसण्याआधी कोऱ्या कागदाशेजारी पसरून बघते. आत्या आता ऐंशीच्या पुढं आहेत, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, दुपारी काउंटरमागे बसायला येतात. कधी शंका आली तर मी त्यांना विचारते, "आत्या, हा कुठला रंग?"

"आकाशी गं बाई," त्या म्हणतात. "नीळ मीच घातलीय, मला नाही कळणार?"

मग मी लॅपटॉप उघडते. ज्या दिवशी तो रुमाल मला पांढरा दिसेल, त्या दिवशी खुर्चीवरून उठायचं, हे माझं ठरलेलं आहे.

आज सकाळीही बघितला. अजून आकाशीच आहे.